कुमार गंधर्वांचे गाणे नव्या पिढीला कसे ऐकवावे

१२ जानेवारी १९९२ रोजी मध्य प्रदेशातील देवास येथे शास्त्रीय गायक पंडित कुमार गंधर्व यांचे निधन झाले, तेव्हा आज जे विशी-पंचविशीत आहेत त्यांचा जन्मही झालेला नव्हता. त्यांनी कुमारजींची मैफल पाहिलेली नाही, आणि कुमारजींच्या गायकीवरून रसिकांत रंगणारे कडाक्याचे वादही त्यांच्या कानी पडलेले नाहीत. त्यांना कुमारजी भेटतात ते बहुधा मोबाइलवर, एखाद्या रीलमागे वाजणाऱ्या निर्गुणी भजनाच्या, म्हणजे निराकार ईश्वराच्या भजनाच्या, अर्ध्या मिनिटातून. ज्यांच्या घरी हे गाणे वर्षानुवर्षे ऐकले गेले आहे आणि ते मुला-नातवंडांपर्यंत पोहोचावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

पहिले पथ्य असे की, त्या अर्ध्या मिनिटाला नावे ठेवू नयेत. ‘हे काय ऐकतोस, खरे कुमार ऐकायचे तर ख्याल ऐक’ असे म्हटले, म्हणजे रागविस्ताराच्या शास्त्रीय गायनाकडेच बोट दाखवले, की संभाषण तिथेच संपते. कुमारजींनी निर्गुणी भजने फावल्या वेळात गायलेली नाहीत. देवास ज्या भागात येते त्या माळव्यातील नाथपंथी जोगी आणि कबीराची पदे म्हणणारे भजनी यांच्याकडून ऐकलेल्या गाण्यावर दीर्घ चिंतन करून त्यांनी ती मैफलीत आणली. त्यामुळे नव्या श्रोत्याला सापडलेले हे दार मुख्य दारांपैकीच एक आहे. त्याने नेमके कोणते भजन ऐकले ते विचारावे, त्याचे मूळ संपूर्ण ध्वनिमुद्रण शोधून द्यावे आणि शक्य असेल तर शेजारी बसून ऐकावे. रीलमधील आवाजावर अनेकदा कृत्रिम घुमारा चढवलेला असतो, लय बदललेली असते, आणि मोबाइलच्या लहानशा स्पीकरमधून तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे खालचा गंभीर स्वर, ऐकूच येत नाही. कुमारजी तानपुरे लावण्याबाबत कमालीचे काटेकोर होते आणि त्यांचा स्वर त्या तानपुऱ्यांच्या नादातूनच उगवतो. म्हणून पहिले पूर्ण ऐकणे बऱ्या हेडफोनवर किंवा चांगल्या स्पीकरवर व्हावे, एवढा आग्रह अवश्य धरावा.

ऐकताना सतत समजावून सांगत बसू नये, मात्र एखाद्या जागेकडे लक्ष वेधावे. ‘सुनता है गुरु ग्यानी’ लावले असेल तर ‘झीनी झीनी’ हे दोनच शब्द ते किती हलक्या हाताने ठेवतात, आवाज कसा आत घेतात आणि पुढच्याच क्षणी खुला, धारदार स्वर कसा फेकतात, एवढेच ऐकायला सांगावे. ‘निरभय निरगुण’ लावले असेल तर सोबत येणारा स्त्रीस्वर वसुंधरा कोमकली यांचा आहे, हे जरूर सांगावे. पुष्कळ तरुणांना तो आवाज आवडतो, पण त्या गायिकेचे नाव ठाऊक नसते, आणि हे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

दुसरे पथ्य चरित्राविषयी. कुमारजींची जीवनकथा इतकी विलक्षण आहे की ती आधी सांगण्याचा मोह आवरत नाही. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी येथे झाला. लहान वयात ते नामवंत गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवत, आणि पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. ऐन उमेदीत क्षयाने गाठल्यामुळे ते देवासला राहायला गेले, काही वर्षे अंथरुणाला खिळून राहिले आणि १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात पुन्हा गाऊ लागले. हे सगळे सांगावे, पण दोन-चार ध्वनिमुद्रणे ऐकून झाल्यानंतर. आधी कथा ऐकली की तरुण श्रोता प्रत्येक स्वरात आजार शोधू लागतो. ‘एक फुप्फुस निकामी झाले म्हणून ते तुकड्या-तुकड्यांनी गातात’ हे वाक्य आता इतके सर्वत्र पसरले आहे की ते खोडून काढायला वेगळे कष्ट पडतात. आजाराने त्यांच्या दमसासावर मर्यादा आणल्या असतीलही. परंतु स्वर कुठे तोडावा, कुठे मोकळी जागा सोडावी आणि कुठे तार षड्ज (वरच्या सप्तकातला सा) लांबवर धरून ठेवावा यांमागे विचार होता, आणि तो विचार ओळखणे हेच त्यांचे गाणे ऐकणे आहे. त्यांची संपूर्ण गायकी आजाराच्या खाती टाकली की त्यांची प्रतिभाच आपण नाकारतो.

भजनांकडून रागाकडे जाण्याची वाट कुमारजींनी स्वतःच घालून दिली आहे, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातील हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. देवासच्या आजारपणात त्यांनी माळव्याची लोकगीते कान देऊन ऐकली, पुढे ती स्वरलिपीत उतरवून घेतली, आणि लोकधुनांतच रागांची बीजे असतात या निष्कर्षाला ते पोहोचले. त्या धुनांमधून त्यांनी जे राग उभे केले त्यांना ‘धुनउगम’ राग म्हणतात. अहिमोहिनी, सहेली तोडी, मधसुरजा, लगनगंधार ही त्यांतील काही नावे. नव्या श्रोत्याला आधी त्यांनी गायलेली माळवी लोकगीते ऐकवावीत, मग लगेच असा एखादा राग लावावा. दोन-तीन स्वरांची एक साधी हालचाल, जी लोकगीतात आपण गुणगुणू शकतो, तीच रागात कशी फुलते, हे असे सलग ऐकल्यावर रागसंगीताची भीती बरीचशी ओसरते. सुरुवातीला विलंबित, म्हणजे अतिसंथ लयीतल्या, ख्यालाचा आग्रह नको. मध्य लयीतील किंवा द्रुत (जलद) बंदिशी, म्हणजे रागात बांधलेल्या रचना, आधी द्याव्यात. वेळेचाही हिशेब ठेवावा: मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू साधारण ३ मिनिटांची असते, एलपी या मोठ्या तबकडीची एक बाजू सुमारे २० मिनिटांची, आणि पूर्ण मैफल तासांची. याच क्रमाने गेले तर कान हळूहळू सरावतो. पावसाळा सुरू असेल तर ‘गीत वर्षा’सारख्या ऋतुसंगीताच्या कार्यक्रमातील गाणी निवडावीत, लोकगीत आणि राग तिथे शेजारी-शेजारी नांदतात.

मराठी घरांत आणखी एक सोपी वाट आहे. वाणी जयराम यांच्यासह गायलेले ‘ऋणानुबंधाच्या’ किंवा कवी अनिल यांचे ‘अजुनी रुसुनी आहे’ मुलांनी आजी-आजोबांकडून बहुधा ऐकलेले असते. तो आवाज आणि कबीर गाणारा आवाज एकाच माणसाचा आहे हे कळल्यावर त्यांचे कुतूहल आपोआप वाढते.

नवी पिढी कुमारजींकडे कोणत्या नजरेने पाहते, हेही समजून घ्यावे. काहींना ते विरक्त साधू वाटतात, कारण त्यांनी फक्त निर्गुणच ऐकलेले असते. त्यांना प्रणयाच्या आणि चेष्टेखोर बंदिशी ऐकवाव्यात. काहींना ते परंपरा मोडणारे बंडखोर वाटतात. घराण्याची, म्हणजे एकाच गुरुपरंपरेच्या गायनशैलीची, चौकट त्यांनी मानली नाही हे खरे, पण परंपरेचा अभ्यास त्यांनी कधी सोडला नाही. यासाठी बालगंधर्वांची मूळ ध्वनिमुद्रिका आणि ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या कार्यक्रमातील तेच पद पाठोपाठ ऐकवावे. आधीच्या पिढीतील थोर गायकाची नक्कल न करता आदर कसा राखावा, याचा इतका चांगला नमुना मला दुसरा माहीत नाही. आपणही तरुणांना तेच स्वातंत्र्य द्यायला हवे. त्यांनी भजनावर गिटार धरली किंवा एखादी बंदिश आपल्या पद्धतीने गायली तर चिडू नये. मूळ गाण्याशी ताडून पाहायला मात्र सांगावे.

आंतरजालावरील ध्वनिमुद्रणांना दिलेली रागनावे आणि वर्षे पुष्कळदा चुकीची असतात, म्हणून अधिकृत कंपन्यांनी प्रसिद्ध केलेल्या आवृत्त्यांना प्राधान्य द्यावे. बंदिशींचे शब्द पाहायचे असतील तर कुमारजींचे ‘अनूपरागविलास’ स्वरलिपीसह उपलब्ध आहे, आणि जब्बार पटेल यांचा ‘हंस अकेला’ हा माहितीपट दोघांनी मिळून पाहावा असा आहे. त्यांची कन्या कलापिनी कोमकली आणि नातू भुवनेश कोमकली यांच्या मैफली होत असतात. जवळपास असेल तर तिकीट काढून तरुणांना घेऊन जावे.

इतके करूनही कोणाला कुमारजींचे गाणे आवडले नाही, तर ते मान्य करावे. नेमके काय खटकले हे शांतपणे विचारावे: तुटक वाटणारी फेक, उंच स्वर की शब्द न कळणे. शब्द कळत नसतील तर अर्थ लिहून द्यावा, फेक खटकत असेल तर काही दिवस मल्लिकार्जुन मन्सूर किंवा भीमसेन जोशी ऐकू द्यावेत, आणि नंतर तोच राग कुमारजींच्या आवाजात पुन्हा लावून पाहावा.