पांढऱ्या पट्ट्या दिसल्या की सी मेजर? या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेत कीबोर्ड शिकवतो. गणपती जवळ आले की पोरं येतात, "सर, चार गाण्यांची स्केल तेवढी काढून द्या." देत नाही, स्वतः काढायला लावतो. मग खालचे घोळ होतात.

सगळे सूर पांढऱ्या पट्ट्यांत बसले की वहीत "सी मेजर" लिहून मोकळं व्हायचं! अरे, ए मायनरचेही तेच सात सूर. फरक फक्त सा कुठला, याचा. माझ्याच एका विद्यार्थ्यानं मंडळाच्या कार्यक्रमासाठी असं गाणं काढलं. सुरुवातीला सीचा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), म्हणून सी मेजर. गाणं होतं ए मायनर. गायिका म्हणाली, "मला काळी चार द्या," म्हणजे जी शार्पचा सा. यानं सीवरून मोजून ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं बटण, चार घरं (काळ्या-पांढऱ्या धरून चार पट्ट्या) खाली घेतला. खरं तर पांढरी सहावरून (ए) काळी चारला एकच घर यायचं होतं. गाणं जाऊन बसलं पांढरी चारमध्ये (एफ). दुसऱ्या ओळीला बाईंचा आवाज खर्जात बुडाला, ढोलकीवाला हसायला लागला आणि मी विंगेत घाम पुसत उभा. मेजर आणि त्याच्या जोडीच्या मायनरमध्ये तीन घरांचं अंतर असतं. बरोबर तेवढंच गाणं खाली गेलं.

माझी सवय सांगतो. गाणं लावायचं, सोबत तंबोरा आधी पांढरी एकचा (सी), मग पांढरी सहाचा. ओळ संपताना गाणं ज्यावर निवांत टेकतं, तो सा. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं, आणि इथल्या पोरांना मोबाईलवरचा तंबोरासुद्धा पाच मिनिटं ऐकवत नाही.

दुसरा घोळ शुद्ध निषादाचा. ए मायनरमध्ये मध्येच काळी चार वाजली की "सर, स्केल बदललं!" बदललं नाही. हार्मोनिक मायनरमध्ये नी शुद्ध असतो; गंधार-धैवत कोमल, नी शुद्ध, म्हणजे आपल्या कीरवाणीचे सूर. म्हणूनच तिथं ई मायनरऐवजी ई मेजरचा कॉर्ड गोड लागतो. मेलडिक मायनरमध्ये चढताना धैवतही शुद्ध, उतरताना धैवत-निषाद दोन्ही कोमल.

नोटेशनच्या सुरुवातीला एक शार्पची खूण (♯) दिसली की लगेच जी मेजर म्हणू नका, ई मायनरची खूणही तीच.

भैरवीला मायनर म्हणू नका. तिचा रिषभ कोमल असतो, मायनरचा शुद्ध.

कॉर्ड सांगणाऱ्या ॲपबद्दल बोलायला लावू नका. आणि क्लासमधल्या कीबोर्डवर ट्रान्सपोजच्या बटणावर चिकटपट्टी आहे. पहिले सहा महिने ती निघत नाही.