खाडीपलीकडे आपली गाडी : कोकणच्या फेरीबोटींनी सुट्टीला निघण्यापूर्वीची तयारी

राहण्याच्या जागा शोधण्याआधी कागदावर खाड्या उतरवून काढा. मुंबईहून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने आपली गाडी न्यायची, तर पहिला टप्पा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याचा, तो थेट समुद्रातला. मग अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड करत आगरदांड्याला पोचलात की राजपुरीची खाडी ओलांडून दिघी. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर झालं की बागमांडल्याहून सावित्री ओलांडून वेशवी. केळशी, आंजर्ले, हर्णै पाहून दाभोळला आलात की वाशिष्ठीपलीकडे धोपावे. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी मागे टाकलं की तवसाळहून शास्त्री नदीच्या मुखावरून जयगड. तिथून मालगुंड आणि गणपतीपुळे जवळच. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची चर्चा कित्येक दशकांची आहे आणि खाड्यांवरच्या पुलांची कामंही निघाली आहेत. पण ते पूर्ण होऊन वाहतुकीला खुले होत नाहीत तोवर तुमचा दिवस कसा जाईल ते खाडीच ठरवते, हे धरून चाला. एका दिवसात दोनपेक्षा जास्त खाड्या ठेवू नका. पाणी ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, पण धक्क्यावरच्या रांगेत किती वेळ जाईल हे कुणीच सांगू शकत नाही.

प्रत्येक खाडीसमोर दुसरी एक ओळ लिहायची: बोट मिळाली नाही तर रस्ता कोणता. सुट्टीत सगळ्यात जास्त उपयोग या ओळीचा होतो आणि बहुतेक लोक नेमकी तीच लिहीत नाहीत. दिघीची बोट चुकली तर रोह्याकडून आत शिरून म्हसळ्याला यावं लागतं. बागमांडल्याला अडकलात तर म्हसळा, आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड. दाभोळची शेवटची बोट गेली असेल तर परत दापोली, मग खेड, चिपळूण आणि गुहागर असा शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा, तोही अंधारात आणि घाटवळणांनी. त्यापेक्षा दापोलीत रात्र काढणं शहाणपणाचं. जयगडला राई-भातगावचा पूल आहे, म्हणून तिथे जीव एवढा टांगणीला लागत नाही. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी धक्क्यावर फोन करून तीन गोष्टी विचारा: बोट चालू आहे का, शेवटची फेरी किती वाजता, आणि मोठी गाडी घेतात का. छापील किंवा फोनवर फिरणाऱ्या वेळापत्रकावर विसंबू नका. गर्दीच्या दिवसांत फेऱ्या वाढतात, दुरुस्तीच्या दिवसांत कमी होतात, आणि हे धक्क्यावरच्या माणसालाच माहीत असतं.

आता भरती-ओहोटी. हा भाग घाईने वाचू नका. धक्का सिमेंटचा, उतरता असतो आणि बोट त्याला टेकून पुढचा लोखंडी फाळका खाली टाकते. पाणी वर असेल तर फाळका जवळपास सपाट बसतो. पाणी खूप खाली गेलेलं असेल तर उतार तीव्र होतो, खालचा भाग शेवाळाने निसरडा असतो, आणि बुटक्या गाडीचा पुढचा बंपर किंवा मागचा सायलेन्सर घासतो. मोठ्या ओहोटीला मुखाशी गाळ उघडा पडायला लागला की बोट थोडा वेळ थांबवूनही ठेवतात. म्हणून आपण ओलांडणार त्या दिवसाची तिथी बघून ठेवायची. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते.

यातून गाडीवाल्यासाठी एक फार कामाची गोष्ट निघते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खालीही उतरतं. त्या दिवसांत पाण्याचा तळ पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास लागतो, नेमका पहिल्या बोटीच्या आणि परतीच्या गर्दीच्या वेळी. अष्टमीला उलट. तेव्हा भांगाची भरती असते, ओहोटी दुपारी येते, पण पाणी फार खाली जात नाही, त्यामुळे दिवसभर कधीही गाडी चढवा. आपल्या सुट्ट्या मात्र बऱ्याचदा उधाणावरच येतात: होळी पौर्णिमेला, दिवाळीचं लक्ष्मीपूजन अमावास्येला, कोजागरीही पौर्णिमेलाच. म्हणून शिमग्याला किंवा दिवाळीत निघणार असाल आणि गाडी बुटकी असेल, तर खाडी सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान ओलांडायची असं आधीच ठरवा आणि बाकीचा दिवस त्याभोवती बसवा.

ऋतूबद्दल थोडक्यात. जून ते ऑगस्ट हे बेत करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. खाडीतल्या बोटी पावसातही चालतात, पण बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी वाऱ्याचा इशारा, लागला की त्या उभ्या राहतात आणि तुम्ही कुठल्या तरी काठावर अडकता. पाऊस संपून समुद्र निवला की नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहायची तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल, आणि तिथे वेशवीहूनच जायचं असल्याने बोटीचं गणित आपोआप जुळतं. गणपतीत चाकरमान्यांची गर्दी असते. ते आपल्या घरी जात असतात, त्यांना जागा सोडावी आणि सहलीसाठी दुसरा आठवडा निवडावा.

मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्या थेट आत चढवून नेणारी बोट, मार्च २०२० मध्ये सुरू झाली. बोट मोठी, समुद्रातला प्रवास साधारण तासाभराचा. हिचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा, गाडीचं वेगळं आणि माणसांचं वेगळं हे लक्षात ठेवून. शनिवारी सकाळची आणि रविवारी संध्याकाळची जागा लवकर भरते. सुटण्याच्या वेळेच्या बऱ्याच आधी धक्क्यावर असावं लागतं, आणि भाऊच्या धक्क्याकडचा रस्ता मासळीच्या गाड्यांनी भरलेला असतो, तोही वेळ धरा. खाडीतल्या बोटींचं तिकीट जागेवरच मिळतं. त्यासाठी दहा, वीस, पन्नास, शंभराच्या नोटा वेगळ्या पाकिटात ठेवा. खाडीच्या काठावर रेंज जाते, आणि ऐन रांगेत मोबाइलवरचे पैसे गोल गोल फिरत राहिले की मागच्या वीस गाड्या खोळंबतात.

कागदपत्रांत गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, परवाना, विमा आणि पीयूसी. डिजिलॉकरमधली प्रत कायद्याने चालते, पण रेंजचं वर सांगितलंच, म्हणून छापील प्रती डॅशबोर्डच्या कप्प्यात असू द्या. विम्याकडे मात्र नीट बसून पाहा. आपल्याकडच्या सर्वसमावेशक पॉलिसीच्या ठरावीक मजकुरात रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग आणि हवाई मार्गाने गाडी नेताना झालेलं नुकसान धरलेलं असतं. फक्त तृतीय पक्ष विमा असेल तर स्वतःच्या गाडीसाठी एक पैसा मिळत नाही. इंजिनात पाणी जाऊन ते बंद पडलं तर साधी सर्वसमावेशक पॉलिसीही बहुधा हात वर करते, त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. आपल्या विमा कंपनीला निघण्याआधी ईमेलने दोन प्रश्न विचारा: खाडीतली फेरीबोट धरली जाते का, आणि मांडव्याचा समुद्रातला प्रवास धरला जातो का. उत्तर लेखी घ्या.

गाडीकडे वळू. हँडब्रेक हा सगळ्यात महत्त्वाचा. चढावर उभी करून, फक्त हँडब्रेकवर गाडी थांबते का ते घराजवळ पाहून घ्या. थांबत नसेल तर आवळून घ्या, कारण बोटीवर ती उतारावर उभी असेल आणि पुढे-मागे हातभर अंतरावर दुसऱ्याची गाडी असेल. क्लच घासत आला असेल तर तोही आत्ताच बदला. फाळक्यावर चढताना अर्ध्या क्लचवर गाडी तोलावी लागते. पाच माणसं आणि भरलेली डिकी यांनी गाडी दोन-तीन इंच बसते, म्हणून जड सामान कमी न्या. राहण्याच्या घरी पाणी, तांदूळ, नारळ सगळं मिळतं. स्टेपनीत हवा भरून घ्या, आतल्या रस्त्यांवर जांभ्याचे धारदार तुकडे असतात. जॅकखाली ठेवायला एक रुंद फळी, ओढायचा दोर, टॉर्च. इंधन अलिबाग, श्रीवर्धन, दापोली, गुहागर अशा मोठ्या गावांत टाकी अर्धी असतानाच भरायचं. सीएनजीची गाडी असेल तर पेट्रोलची टाकी भरलेली असू द्या. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, आणि तो बोटीचा रस्ता सोडून सरळ पाण्यात उतरणारी पायवाट दाखवू लागला तर गाडी थांबवून कुणाला तरी विचारा. कोकणात रस्ता विचारला की माणूस हातातलं काम ठेवून समजावतो.

हाताशी ठेवायची पिशवी वेगळी भरा. मोठ्या रो-रोवर गाडी खाली ठेवून सगळ्यांना वर जावं लागतं आणि मग खाली येता येत नाही. आजी-आजोबांची औषधं, पाण्याची बाटली, टोपी, लहानग्यांसाठी सुका खाऊ, उलटीची गोळी (ती निघण्याआधी अर्धा तास घ्यायची, लाटा लागल्यावर घेऊन उपयोग नाही), आणि एखादा जाड शर्ट, कारण सकाळचा वारा चांगलाच झोंबतो. गाडीला हलल्यावर वाजणारा अलार्म असेल तर तो बंद कसा करायचा ते आधीच पाहून ठेवा.

धक्क्यावर पोचल्यावरची तयारी मनाची आहे, पण तीही यादीतच धरा. चालवणाऱ्याशिवाय सगळ्यांना फाळक्याच्या आधीच उतरवा. म्हातारी माणसं आणि मुलं बाजूने चालत चढतील, गाडीही हलकी होईल. काचा खाली करा, गाणी बंद करा, पट्टा सोडा, आणि खलाशी हात दाखवेल तसंच चालवा. गाडी उलटी चढवायला किंवा उतरवायला सांगितली तर घाबरू नका, पण आरशावर विसंबून एकट्याने करू नका, घरातल्या एकाला मागे उभं करा. फाळक्याच्या सांध्यावर थांबू नका, एका संथ गतीने वर जा. जागा लागली की इंजिन बंद, हँडब्रेक, पहिला गिअर, आणि दार हळू उघडा. उकडत असेल म्हणून एसी लावून आत बसून राहू नका. खाली उतरा, जीवरक्षक जाकिटं कुठे आहेत ते मुलांना दाखवा. एकट्या मुलाला बंद गाडीत कधीही ठेवू नका. बोट टेकून फाळका पडेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. ही बोट आपल्यासाठी सुट्टीची गंमत असली तरी दाभोळच्या माणसाचा तो रोजचा रस्ता आहे. कॉलेजची मुलं, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, दवाखान्यात निघालेला माणूस, दुचाकीवरचे शिक्षक त्याच बोटीत असतात. रांग मोडून पुढे घुसू नका. रुग्णवाहिका आली तर गाडी मागे घेऊन तिला वाट द्या, तेवढी जागा आधीच सोडून उभे राहा. फोटोसाठी फाळक्यावर उभं राहून कुणाला अडवू नका, आणि खाडीत काहीही टाकू नका. गाडीत कचऱ्याची एक पिशवी बांधून ठेवा आणि ती घरी परत आणा.

गाडी पुळणीवर मात्र नेऊ नका. वाळू वरून टणक दिसते, चाक रुतलं की खाली पाणी लागतं, आणि भरती तुमच्या ट्रॅक्टरची वाट पाहत नाही. बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी उतरवायला मनाई आहे. गावकऱ्यांनी ओढून काढलीच, तरी बेअरिंग आणि ब्रेकमध्ये शिरलेलं खारं पाणी पुढचे कित्येक महिने खर्च काढत राहतं. गाडी रस्त्यालगत सावलीत लावा आणि पायी जा.

ज्यांना आणखी खाली, मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत जायचं आहे त्यांनी एक छोटी बोट यादीत वाढवावी. रेडीच्या पुढे तेरेखोलचा किल्ला नदीच्या अलीकडच्या काठावर असूनही गोव्याचा आहे, आणि तिथून केरीला जाणारी फेरीबोट गोवा सरकारची. जागा थोडी, गाड्या मोजक्या. भर दुपारी गेलात तर रांग कमी लागते. राज्य बदलतं म्हणून कागदपत्रं वरच्या कप्प्यात ठेवा.

परतल्यावर पहिल्या दिवशीच गाडी धुवा, आणि वरून नव्हे, खालून. चॅसी, चाकांच्या कमानी, ब्रेकच्या चकत्या, दारांच्या खालच्या कडा यांवर गोड्या पाण्याचा जोरदार फवारा मारून घ्या. पायपुसणी काढून वाळू झटका. मग गाडी थोडी चालवून ब्रेक दाबत दाबत सुकवा. दोन-तीन दिवसांनी हँडब्रेक पुन्हा एकदा ओढून सोडून पाहा. वाळू-मीठ अडकलं असेल तर तो सुटताना जड जातो, तेव्हा मेकॅनिककडून चाक काढून साफ करून घ्या.