ब्लेंडेड माल्ट निवडताना

वाशीच्या किंवा नौपाड्यातील दुकानात व्हिस्की मागताना ‘ब्लेंडेड’ एवढेच म्हटले, तर बहुधा ब्लेंडेड स्कॉच (स्कॉच म्हणजे स्कॉटलंडची व्हिस्की) पुढे येते. तिच्यात मक्याची किंवा गव्हाची ग्रेन व्हिस्की मिसळलेली असते. ब्लेंडेड माल्ट मात्र दोन किंवा अधिक डिस्टिलऱ्यांच्या केवळ सिंगल माल्टांचे (एकाच डिस्टिलरीत निव्वळ मोड आणलेल्या बार्लीपासून केलेल्या व्हिस्कींचे) मिश्रण असते, म्हणून लेबलावर ‘ब्लेंडेड माल्ट स्कॉच व्हिस्की’ हे चारही शब्द सलग छापलेले आहेत की नाहीत, हे आधी पाहावे. ‘व्हॅटेड माल्ट’ हे जुने नाव 2009 च्या नियमांनी बंद झाले.

वयाच्या आकड्याला भुलू नये. तो मिश्रणातील सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचा असतो, आणि आकडा नसला तरी ओकच्या पिंपात किमान 3 वर्षे मुरवणे बंधनकारकच आहे.

कॉकटेलसाठी मंकी शोल्डर ही ब्लेंडेड माल्ट घ्यावी. तिचा गोडसर, व्हॅनिलासारखा स्वाद लिंबू-साखरेपुढे हरवत नाही. शेरीच्या (स्पेनच्या एका वाइनच्या) पिंपातील मनुकांची चव हवी असल्यास नेकेड माल्ट पाहावी. जॉनी वॉकर ग्रीन लेबल 15 वर्षांची असून तिच्यात टॅलिस्कर व कुल ईला या डिस्टिलऱ्यांच्या माल्टांचा धुरकटपणा आहे. ती महाग पडते, आणि सोड्यात बुडवणे मला तरी उधळपट्टी वाटते. ती संथपणे, चार थेंब पाणी घालून प्यावी. ठाण्याच्या दमट उकाड्यात बर्फ लवकर वितळत असल्याने एकच मोठा खडा पुरे.

महाराष्ट्रात व्हिस्की घेण्यासाठी वय 25 पूर्ण आणि मद्यसेवन परवाना आवश्यक आहे.