आपल्या बूथचे आकडे कसे वाचायचे

बारा वर्षं शाळा सांभाळून मी बीएलओचं, म्हणजे केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याचं काम केलं. नवीन नावं घेतली, मयतांची वगळली, मतदानाआधी घरोघरी स्लिपा वाटल्या. म्हणून 'ती वस्ती अमक्याच पक्षाची' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की मी विचारते, नमुना २० पाहिलात का?

नमुना २० म्हणजे अंतिम निकालपत्रक. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ते मिळतं. कोणत्या केंद्रावर कोणाला किती मतं पडली, 'नोटा'ला (यांपैकी कोणीही नाही) किती, सगळं त्यात असतं. टपाली मतं मात्र वेगळ्या ओळीत येतात, ती कुठल्या वस्तीची हे कळत नाही. लोकसभेचे आकडेही विधानसभा मतदारसंघवार दिलेले असतात, त्यामुळे २०२४ ची लोकसभा आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमधली विधानसभा शेजारी शेजारी मांडून बघता येते.

मांडण्याआधी केंद्र तेच आहे ना, हे तपासा. मतदार वाढले की एका केंद्राची दोन होतात आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. त्या केंद्राच्या मतदार यादीच्या पहिल्या पानावर त्यात कोणत्या गल्ल्या, कोणत्या वाड्या येतात ते छापलेलं असतं. क्रमांक नको, ती नावं जुळवा.

आता टक्केवारी बाजूला ठेवा आणि मतं मोजा. समजा, एका केंद्रावर आधी ५०० जणांनी मत दिलं आणि एका उमेदवाराला ३०० मिळाली, म्हणजे ६० टक्के. पुढच्या वेळी ७०० जण आले आणि त्याच्याच बाजूच्या उमेदवाराला ३१० मिळाली. टक्का ४४ वर आला. चावडीवर लगेच चर्चा, लोक फिरले! पण मतं दहाने वाढली आहेत. वाढलेल्या दोनशे मतांचा मोठा वाटा दुसरीकडे गेला. जुन्या तीनशेतलेही काही फिरले असतील, काही घरीच बसले असतील. ते पत्रक सांगत नाही, आणि आपणही सांगू नये.

मतदार एकूण किती, हे यादीच्या शेवटच्या पानावर मिळतं. तिथेही जपून. लग्न होऊन गेलेल्या मुली, शहरात स्थायिक झालेली मुलं यांची नावं वर्षानुवर्षं यादीत राहतात, आणि मग जागरूक वस्तीसुद्धा आळशी दिसते. दिवाळीनंतर ऊसतोडीला निम्मी वस्ती जाते, तिथे नोव्हेंबरचा आकडा उन्हाळ्याच्या आकड्याशी ताडायचा तर हे आठवणीत ठेवावंच लागतं.

मागे २०१९ पर्यंत जायचं असेल तर चिन्हावर विसंबू नका. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. तेव्हाचा धनुष्यबाण आणि आताचा धनुष्यबाण यांची मतं एका रकान्यात घातली तर हिशेबच चुकतो. उमेदवाराचं नाव, पक्ष आणि त्या वेळची युती, तिन्ही लिहा. ग्रामपंचायतीचा निकाल तर या तक्त्यात घालूच नका. ती निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पॅनेलवर होते. तिथे भावकी, पाणी आणि सरपंचाचा वकूब बोलतो.

केंद्राचा आकडा हा केंद्राचाच असतो, त्यावरून एका समाजाचा, एका घराचा कल ठरवता येत नाही. लहान वस्तीचं केंद्र स्वतंत्र असेल तर जास्तच सांभाळा. निकालानंतर 'तुमच्याकडून मतं आली नाहीत' म्हणून एका वस्तीचा मंजूर रस्ता रखडलेला मी पाहिला आहे. त्या रस्त्यावरून पहिलीची मुलं चिखल तुडवत शाळेत यायची. मला आजही त्याचा संताप येतो. कोणत्या केंद्राने कोणाला मतं दिली हे कळू नये म्हणून केंद्रांची मतं एकत्र करून मोजणारं टोटलायझर यंत्र निवडणूक आयोगाने २००८ मध्येच सुचवलं होतं, अजून ते वापरात आलेलं नाही.

लोकांशी बोला, पण मत कोणाला दिलं हे विचारू नका. न्यायालयातही साक्षीदाराला ते सांगायला भाग पाडता येत नाही. मतदानाला का गेलात, का नाही गेलात, कशाची चर्चा होती, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. माझ्या वहीत केंद्र, वर्ष, मतं आणि अशी दोन-चार कारणं आहेत. एकदा एक कार्यकर्ता मतदार यादी आणि तीन रंगांची पेनं घेऊन आला, कोण कोणाचा तेवढी खूण करा म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि पेनं परत केली.