कबड्डीच्या मोसमात दुखण्याची गोळी: कोणती, किती, केव्हा आणि कोणाला नाहीच

दिवाळी आटोपली, सोयाबीन घरात आलं की गावोगावी रोख बक्षिसाच्या कबड्डी सामन्यांचे बॅनर लागतात. एका रात्रीत तीन-तीन सामने, पहाटे फायनल. टीमच्या बॅगेत दुखण्याच्या गोळ्या असणारच. त्या सर्रास मिळतात, आणि बहुतेक डोपिंगच्या यादीतही नाहीत. म्हणूनच त्यांच्याकडे कोणी नीट बघत नाही. टीमची बॅग ज्याच्या हातात असते, मग तो कोच असो, मॅनेजर असो की कॅप्टन, त्याच्यासाठी हे लिहिलं आहे.

गोळीआधी पाय बघा

गोळी दुखणं दाबते, तुटलेलं जोडत नाही. रेडरचा घोटा मुरगळला तर आधी बोटांनी तपासा. घोट्याला आतून आणि बाहेरून जी दोन हाडं वर आलेली दिसतात, त्यांच्या मागच्या कडेवर टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत अंगठ्यानं दाबत जा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मधोमध जो हाडाचा उंचवटा लागतो तो दाबा, आणि पावलाच्या आतल्या बाजूला घोट्याच्या थोडं पुढचं हाडही. हाडावरच कळ उठली, किंवा मार बसल्या बसल्या आणि नंतरही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. लंगडत टाकलेलं पाऊलही पाऊलच धरायचं. यातलं काहीच नसेल तर हाड मोडल्याची शक्यता फार कमी.

गुडघ्यात ‘कट्ट’ वाजलं आणि दोन तासांत गुडघा फुगला, तर आतली शीर म्हणजे लिगामेंट गेलेलं असू शकतं. त्या पोराचा मोसम तिथंच थांबवा. डोक्याला मार लागून भोवळ, उलटी किंवा विसरल्यासारखं झालं तर तो सामन्यात परत येत नाही, आणि त्याला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक द्यायचं नाही. आत रक्त येत असेल तर ते या गोळ्यांनी वाढू शकतं.

साधी लचक किंवा मुका मार असेल तर बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं, मग क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच. पहिले दोन दिवस शेक नाही, मालिश नाही. आंबेहळदीचा लेप लावला तर बिघडत नाही, पण आजी चोळायला बसली तर हात जोडून थांबवा.

कोणती, किती

पहिली गोळी पॅरासिटामॉल. धडधाकट मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर, २४ तासांत काही झालं तरी ४ ग्रॅमच्या वर नाही. पन्नास किलोच्या आतल्या पोराला एवढंही नको: वजनाच्या एका किलोला १५ मिलिग्रॅम हा एका वेळचा हिशेब. पोटाला सोपी, किडनीला सोपी. जास्त झाली तर मात्र लिव्हर जातं, आणि पहिला दिवसभर काही कळतही नाही.

दुसरी आयबुप्रोफेन ४००. जेवल्यावर, आठ तासांच्या अंतरानं, दिवसाला तीन म्हणजे १२०० मिलिग्रॅम. तीन दिवसांत आराम पडला नाही तर डॉक्टर, चौथ्या दिवसाची पट्टी नाही. डायक्लोफेनॅक ५० आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक १०० ह्या याच घराण्यातल्या गोळ्या. त्या चिठ्ठीवर घ्यायच्या असतात, मेडिकलवाला तशाच देत असला तरी. केटोरोलॅक सगळ्यात जहाल. दाढदुखीला दिलेली पट्टी घरात उरते आणि टीमच्या बॅगेत येऊन पडते. तोंडानं दिवसाला जास्तीत जास्त ४० मिलिग्रॅम आणि एकूण पाच दिवस ही तिची हद्द आहे. बॅगेत ती नसलेलीच बरी.

या घराण्यातली एका वेळी एकच गोळी. आयबुप्रोफेनवर डायक्लोफेनॅक घेतल्यानं आराम दुप्पट होत नाही, धोका वाढतो. पॅरासिटामॉल मात्र यातल्या एकीबरोबर चालतं.

सगळ्यात जास्त चुका नावामुळं होतात. पोट्टे नाव वाचतात, आत काय आहे ते वाचत नाहीत. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ असतं. झेरोडॉल-पी मध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५. आता हा दिवस मोजा: अंगदुखीला डोलो ६५० (म्हणजे पॅरासिटामॉलच) चार वेळा म्हणजे २६००, गुडघ्याला कॉम्बिफ्लाम तीन म्हणजे ९७५, आणि सर्दी आहे म्हणून ५०० पॅरासिटामॉलवाली सर्दीची गोळी दोनदा म्हणजे १०००. बेरीज ४५७५ मिलिग्रॅम, म्हणजे ४ ग्रॅमच्या वर. पोरगा म्हणेल, ‘मी तर तीन वेगवेगळ्या गोळ्या घेतल्या.’ त्यासाठी पट्टी कापताना नावाची आणि घटकांची बाजू शेवटपर्यंत शिल्लक ठेवा.

मलम आणि स्प्रे यांचा धोका कमी. डायक्लोफेनॅकचं जेल घोट्यावर, गुडघ्यावर चांगलं काम करतं आणि रक्तात फार थोडं जातं. खरचटलेल्या कातडीवर लावायचं नाही, आणि लावून वर घट्ट पट्टी आवळायची नाही.

सामन्याआधी नाही

‘दुखू नये म्हणून आधीच एक घेऊन टाक’ ही सवय वरूनच खाली आली आहे. २०१० च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये सुमारे ३९ टक्के खेळाडू प्रत्येक सामन्याआधी वेदनाशामक घेत होते, असं फिफाच्या डॉक्टरांनीच नोंदवलं. पण त्यांच्यामागं डॉक्टरांचं पथक असतं. आपल्याकडं बोअरचं पाणी आणि एक जग.

गडबड किडनीत होते. अंगातलं पाणी कमी झालं की किडनीकडं जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य वापरतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नेमकं तेच बनू देत नाहीत. भरपूर पाणी प्यालेल्या, घरी बसलेल्या माणसाला याचा पत्ताही लागत नाही. घामानं निथळलेल्या खेळाडूला लागतो. ८० किलोमीटर धावणाऱ्यांवर केलेला एक अभ्यास २०१७ साली छापून आला. दर चार तासांनी ४०० आयबुप्रोफेन घेणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांच्या किडनीवर ताण दिसला, औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ३४ टक्क्यांच्या. आपल्या भागात डायक्लोफेनॅकचा हिशेब आकाशानं आधीच मांडून ठेवलाय: हे औषध टोचलेली ढोरं मेल्यावर ती खाणाऱ्या गिधाडांच्या किडन्या बंद पडल्या, आणि २००६ मध्ये ते जनावरांसाठी बंद करावं लागलं.

सगळ्यात वाईट जोडी म्हणजे ५५ किलो गटाचं वजन आणि गोळी. दोन दिवस पाणी तोडून, स्वेटर घालून पळून पोरगा काट्यावर बसतो, आणि वजन झालं की रिकाम्या पोटी डायक्लोफेनॅक घेऊन मॅटवर उतरतो. अशा पोराला त्या रात्री या घराण्यातली एकही गोळी नाही. आधी ओआरएस, वरण-भात, आणि फिकट रंगाची लघवी झाली की मग पुढचं बघा. उन्हाळी सामन्यांतही तोच नियम. चंद्रपूर, अकोल्यात पारा ४५ च्या वर असतो तेव्हा पॅरासिटामॉलच्या पुढं जाऊ नका, आणि उन्हानं चढलेला ताप त्यानंही उतरत नाही, त्याला गार पाणी आणि वारा लागतो.

गोळीची वेळ सामन्यानंतरची: पाणी पिऊन, जेवून, झोपायच्या आधी. गोळीशिवाय ज्याला पळता येत नाही, त्याला त्या रात्री बसवा.

पुडी, सुई आणि बाटली

गावातल्या दवाखान्यात कागदाच्या पुडीत पांढरी, पिवळी, गुलाबी अशा सुट्या गोळ्या मिळतात. तासाभरात पोरगा उड्या मारायला लागला तर समजा, आत स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी आहे. डायक्लोफेनॅकच्या सुईत ‘डेक्सा’, म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, मिसळायची पद्धतही जुनी आहे. ज्याला राज्याच्या संघात किंवा प्रो कबड्डीत जायचं आहे, त्याचं करिअर इथं अडकतं. डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडं गोळीतून स्पर्धेच्या काळात बंदच होती. २०२२ पासून कुठल्याही जागी टोचलेली सुईसुद्धा बंद झाली. वाडानं, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेनं, शेवटचा डोस आणि स्पर्धा यांत ठेवायचं अंतर दिलं आहे. गोळीला ३ दिवस, ट्रायमसिनोलोन असेल तर १०. मांसात दिलेल्या सुईला ५ दिवस, प्रेडनिसोलोनला १०, आणि ट्रायमसिनोलोनला तब्बल ६० दिवस. म्हणून डॉक्टरांना सरळ म्हणा: ‘डॉक्टरसाहेब, पोरगा खेळाडू आहे, औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून द्या.’ नाव लिहायला नकार मिळाला तर ती पुडी घेऊ नका.

थकवा आला की सलाईन लावायची हौस विदर्भात घराघरात आहे. ५०० मिलिलिटरची ती बाटली खेळाडूला महागात पडू शकते. १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त शिरेतून घेणं बारा महिने बंद आहे, बाटलीत नुसतं मीठ-पाणी असलं तरी. हॉस्पिटलातला खरा उपचार, ऑपरेशन किंवा तपासणी असेल तरच सूट मिळते, आणि त्याचे कागद जपून ठेवावे लागतात. ज्याला तोंडानं पिता येतं त्याला बाटलीची गरज नाही.

ट्रामाडॉल १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंद आहे. अल्ट्रासेट या गोळीत ते ३७.५ मिलिग्रॅम असतं, पॅरासिटामॉलच्या जोडीनं, म्हणून ती साधी समजून दिली जाते. भारतात २०१८ पासून ट्रामाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. स्पर्धेचा काळ सामन्याच्या आदल्या रात्री ११:५९ ला सुरू होतो. त्याआधी किमान २४ तास ती गोळी पोटात गेलेली नसावी. शेवटच्या रात्री कोणी ‘खास’ गोळी म्हणून हातावर ठेवली तर आधी पट्टी मागा. टर्मिनची सुई तर दुखण्याची नाहीच, मेफेनटरमाइन हे उत्तेजक आहे, आणि तेही स्पर्धेत बंद.

नावाबद्दल शंका असेल तर नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या, ‘नो युवर मेडिसिन’ अ‍ॅपमध्ये घटकाचं नाव टाकून बघा. सॅम्पल द्यायची वेळ आली तर मागच्या सात दिवसांत घेतलेलं सगळं फॉर्मवर लिहायचं, क्रोसिनसुद्धा. त्यासाठी बॅगेत एक वही ठेवा: कोणाला, कोणती, किती, किती वाजता.

कोणाला नाहीच

आपल्याकडं हे विचारल्याशिवाय पट्टी उघडू नका: घरात सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आहे का? गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, गोंदिया पट्ट्यात हा प्रश्न पहिला. सिकलसेल असलेल्याची किडनी आधीच नाजूक असते, त्याला आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. नुसता वाहक असला तरी पाणी तोडून जोराची मेहनत जिवावर बेतू शकते. तपासणी पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, मोसमाआधी सगळ्या टीमची करून घ्या.

पावसाळ्यात किंवा नंतर ताप आणि अंगदुखी एकत्र आली तर डेंग्यू धरून चाला आणि फक्त पॅरासिटामॉल द्या. दम्याचा पोरगा असेल तर आयबुप्रोफेननं दम उठू शकतो. पोटात अल्सर होऊन गेलेला असेल तर ही गोळी नाही. फायनल जिंकून रात्री मोहाची दारू झाली असेल, तर सकाळी डोकं दुखतंय म्हणून गोळ्यांवर गोळ्या नाहीत. अठराच्या आतल्या पोरांना घरच्यांना विचारूनच.

काळी, डांबरासारखी शी, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, बारा तास लघवी नाही किंवा काळ्या चहासारखी लघवी, डोळे पिवळे, ओठ-चेहरा सुजून धाप: यातलं एकही दिसलं तर उद्यावर टाकू नका. १०८ ला फोन करा, आणि वही व उरलेल्या पट्ट्या पोरासोबत पाठवा.