शिमग्याआधी उरकायची औषधी कुंड्यांची तयारी

सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांना टेकतो. त्या उन्हात लावलेली पुदिन्याची काडी मूळ धरायच्या आतच करपते. म्हणून लागण शिमग्याआधी उरका, म्हणजे पाडव्याला रोपं सावरलेली असतात.

पहिलं काम मातीचं. शेतातली काळी माती नुसती कुंडीत भरू नका. ती ओली असताना पाणी धरून बसते, वाळली की भेगाळते आणि कोवळी मुळं तुटतात. दोन घमेली पोयट्याची, म्हणजे नदीच्या गाळाची माती, एक घमेलं शेणखत, एक घमेलं जाड वाळू आणि दोन मुठी निंबोळी पेंड कालवून घ्या. शेणखतात हात घातल्यावर ऊब लागली तर ते कच्चं आहे. त्यानं मुळं भाजतात, शिवाय मुळं खाणारी हुमणी अळी येते. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवायला विसरू नका.

जागा सकाळच्या उन्हाची हवी. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते आणि रात्रीपर्यंत धग सोडत राहते, तिच्यापासून कुंड्या लांब ठेवा. वर ५० टक्के सावलीचं शेडनेट बांधा, पण चारही कोपरे तारेनं घट्ट आवळा, कारण वळवाचं वारं सैल नेट फाडून नेतं. उसाचं पाचट आपल्याकडे मुबलक आहे. ते बारीक तोडून दोन इंच पसरा. खोडाला मात्र चिकटवू नका, तिथं ओल राहून खोड कुजतं.

आता रोपं. पुदिना पसरट, आठ इंच खोल कुंडीत एकटाच लावा; शेजाऱ्याला तो जगू देत नाही. बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. पन्ह्याला, ताकाला, चटणीला रोज खुडला तरच तो दाट होतो. गवती चहाचा ठोंब फोडून मुळासकट फुटवे घ्या, पात सहा इंचांवर छाटा आणि मग लावा. लांब पात ठेवली तर मुळं बसायच्या आत फुटवा सुकतो. पानओव्याची वीतभर फांदी खोचली तरी लागते. भज्यांना पानं हवी असतील तर पाणी बेतानं द्या, जास्त पाण्यानं तो बुडातून सडतो. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहा, नाहीतर पानं बारीक होतात.

कोरफडीला उन्हाळ्यातही आठवड्यातून एकदाच पाणी पुरे. वापरताना बाहेरचं जाड पान कापून, कापलेली बाजू खाली करून पंधरा-वीस मिनिटं उभं ठेवा. पिवळा चीक निथळून जायला हवा. तो पोटात गेला तर जुलाब होतात. गरोदर बाईनं कोरफड खाऊ नये.

सब्जाचं बी मातीवर भुरभुरून नखभर मातीनं झाका, खोल गेलं तर उगवत नाही. शिमग्याला पेरलेल्याचं बी उन्हाळा सरताना हाती येतं, म्हणून यंदाच्या सरबतासाठी विकतचं आणून ठेवा. चमचाभर बी कपभर पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा. कोरडं कधीच देऊ नका, घशात फुगतं. वाळ्याचंही तसंच: लावल्यापासून मुळं काढायला दीड वर्ष लागतं. माठात टाकायची जुडी यंदा बाजारातून आणा, धुऊन घ्या आणि दर दोन-तीन दिवसांनी उन्हात वाळवा, नाहीतर बुळबुळीत होऊन पाण्याला वास येतो. चैत्रात जोतिबाला वाहायचा दवणा थंडीतच पेरावा लागतो. आता त्याच्यामागे लागू नका.

पाणी सकाळी आठच्या आत द्या. बोट दोन पेरं खुपसून पाहा, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. बोअरच्या पाण्यानं कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा जळतात. तसं दिसलं तर महिन्यातून एकदा साठवलेलं गोडं पाणी बुडातून वाहीपर्यंत सोडा.

पानांवर पिवळे ठिपके आणि मागं बारीक जाळं दिसलं की लाल कोळी आलाय असं समजा. कोरड्या उन्हात तो झपाट्यानं वाढतो. पानांच्या मागच्या बाजूवर जोरानं पाणी मारा. हटला नाही तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि चार थेंब साबण घालून सूर्य कलल्यावर फवारा, आणि त्यानंतर आठवडाभर त्या झाडाची पानं स्वयंपाकात घेऊ नका.