एफ्टेलिंगला मुलांना घेऊन जाताय? या चुका टाळा

मे उजाडला की नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या मराठी घरांत पुण्या-नाशकाहून आजी-आजोबा दाखल होतात आणि आठवडाभरात ‘एफ्टेलिंगला कधी जायचं?’ हा विषय निघतो. काट्सह्यूव्हल गावातलं हे परीकथांचं उद्यान आमच्याकडून गाडीने पाऊण तासावर आहे. पाहुण्यांना घेऊन मी तिथे नेहमी जाते आणि दर वेळी आजूबाजूला तीच घाई, तीच रडारड बघते. तिकीट स्वस्त नाही आणि मुलं महिनाभर आधीपासून दिवस मोजत असतात. त्या दिवसाची माती होताना बघवत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

गोष्टी न सांगता मुलांना नेणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. या उद्यानाचं मूळ पाळण्यांत नाही, गोष्टींत आहे. १९५२ साली इथलं परीकथांचं जंगल उघडलं तेव्हा त्यात दहा कथा होत्या. चित्रकार अँटन पीक यांनी ती दुनिया कागदावर रेखाटली आणि पेटर रेइंडर्स यांनी तिला हलतं-बोलतं केलं. पहिला मोठा रोलर कोस्टर, पायथन, आला तो थेट १९८१ मध्ये. तरीही आपली माणसं गेटातून आत शिरली की फोन काढतात, कुठल्या राइडला किती मिनिटं रांग आहे ते बघतात आणि धावत सुटतात. जंगल म्हणे ‘शेवटी उरलेल्या वेळात’.

उरलेल्या वेळात मूल पेंगुळलेलं असतं, पाय दुखत असतात आणि कानावर पडणारं निवेदन डचमध्ये असतं. हिमगौरी, सिंड्रेला, लाल टोपीवाली मुलगी इतपत आपल्या मुलांना माहीत असतं. पण लांगनेक? हा ग्रिम बंधूंच्या कथेतला लांब मानेचा नोकर. बसल्या जागी त्याची मान वर वर जात राहते आणि तो सगळीकडे नजर फिरवतो. एफ्टेलिंगची ओळखच तो. गोष्ट ठाऊक असलेलं मूल त्याच्याकडे टाळ्या पिटत बघतं. ठाऊक नसलेल्या तीन वर्षांच्या मुलासाठी ते अंगावर येणारं एक भलंमोठं डोकं असतं, आणि मग ते आईला चिकटून बसतं ते बसतंच.

मी काय करते सांगते. जायच्या आधीचा आठवडाभर रोज रात्री एक गोष्ट, मराठीतून. हे काम मी आजीकडे सोपवते. लांगनेक, सहा हंस झालेले भाऊ आणि त्यांच्यासाठी तोंडातून अवाक्षर न काढता सदरे शिवणारी बहीण, आपोआप नाचणारे लाल बूट. अँडरसनच्या मूळ गोष्टीत ते बूट घालणाऱ्या मुलीचे पाय तोडावे लागतात. लहानांसाठी तेवढा भाग गाळा. आजीला गोष्ट माहीत झाली की तीही उद्यानात नुसती पर्स सांभाळत बाकावर बसत नाही. नातवाचा हात धरून ‘हे बघ, तेच बूट!’ म्हणत पुढे होते. बेल्जियमच्या राणी फाबिओला यांनी लिहिलेल्या परीकथेवरून १९६६ साली केलेली ‘इंडिश’, म्हणजे भारतीय, कमळांची गुहा आणि ट्यूलिपच्या वाफ्यांवरून सतरंजीवर बसून उडणारा फकीर हे दोन्ही आजोबांसाठी राखून ठेवायचे. आपल्याकडचं काहीतरी दिसलं की तेही खुलतात.

आणि मुलांना ओढू नका, हे हात जोडून सांगते. त्या जंगलात तांबड्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या अळंब्या आहेत आणि त्यांतून बारीक संगीत वाजत असतं. एकदा माझ्याबरोबर आलेल्या कुटुंबातली चार वर्षांची मुलगी एका अळंबीला कान लावून उकिडवी बसली होती. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. तिचे बाबा फोनकडे बघत म्हणाले, “अगं चल ना, ड्रोमफ्लुख्तची रांग वाढतेय.” ती म्हणाली, “थांबा ना बाबा, अजून संपलं नाही.” त्यांनी दंडाला धरून उठवलंच. रांगेत ती सगळा वेळ मुसमुसत होती. ड्रोमफ्लुख्त म्हणजे पऱ्यांच्या, एल्फांच्या राज्यातून तरंगत नेणारी राइड, इथल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक. तिने ती आईच्या कुशीत तोंड खुपसून पार पाडली. आजी मला हळूच म्हणाली, “तिला तिथंच बरं वाटत होतं गं.” मला त्या दिवशी फार राग आला होता आणि अजूनही आठवलं की येतो. चार वर्षांच्या मुलीला राइडची संख्या मोजायची नसते. ती मोजायची असते मोठ्यांना.

म्हणून मूल सहा-सात वर्षांखालचं असेल तर सकाळी आधी जंगल. जंगलात रांग नसते, ते कधीही करता येतं, हा अनुभवी लोकांचा सल्ला आकडेमोडीला धरून आहे. पण लहान मूल सकाळीच ताजंतवानं असतं. ड्रोमफ्लुख्त आणि राजवाड्यातून फिरवणारी सिम्बोलिका या राइड शेवटच्या तासात करा, तेव्हा रांगा ओसरतात.

घरी उंची न मोजणं

ही माझी दुसरी तळमळ. या रोलर कोस्टरना लागणाऱ्या किमान उंचीचे आकडे पाठ करून ठेवा: योरिस एन द द्राक १.१० मीटर, पायथन १.२० मीटर, बारोन १८९८ साठी १.३२ मीटर. यात एका सेंटिमीटरचीही सवलत मिळत नाही आणि मिळूही नये. बारोन साडेसदतीस मीटर खाली, जमिनीतल्या खाणीच्या तोंडात कोसळतो, वेग ताशी ९० किलोमीटर. तिथली खांद्यांवरून येणारी दांडी ठरावीक अंगाच्या माणसासाठी बनवलेली असते.

ओळखीतल्या एका दादांनी मुलाला महिनाभर बारोनचे व्हिडिओ दाखवले होते. मुलगा नऊ वर्षांचा, अंगाने लहानखुरा. दादांनी घरून जाड तळव्यांचे बूट घालून आणले होते, वर आत जादा सुकतळेही. रांगेच्या तोंडाशी मोजपट्टीचा खांब. पोरगा टाचा किंचित उचलून, मान ताणून उभा राहिला. तिथे काम करणाऱ्या मुलीने वाकून त्याचे बूट बघितले, हसून टाचा टेकायला लावल्या आणि मान हलवली. दादा हुज्जत घालायला लागले, मागची रांग खोळंबली, आणि पोरगा मात्र खाली मान घालून बुटांकडे बघत उभा. त्याला अपमान वाटला होता तो उंचीचा नव्हे. आपल्याला लबाडी करायला लावली आणि ती चारचौघांत पकडली गेली, याचा.

मी त्याला उचलून तडक योरिसकडे नेलं. तिथे लाकडी रुळांवरून दोन गाड्यांची शर्यत लागते, एक आगीची, एक पाण्याची. आमची पाण्याची जिंकली. “मावशी, परत!” म्हणाला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

तेव्हा जायच्या आधी घरी, अनवाणी, भिंतीला पाठ लावून उंची मोजा. जे जमणार नाही त्याचे व्हिडिओ दाखवूच नका. जे जमेल त्याचीच स्वप्नं रंगवा. बुटांत काही भरायच्या युक्त्या मला अजिबात पटत नाहीत. यात धोका आहे आणि मुलांना आपण काय शिकवतो तेही बघावं.

सुट्टीचं कॅलेंडर न बघणं

नेदरलँड्समध्ये शाळांच्या उन्हाळी, शरद ऋतूतल्या आणि फेब्रुवारीतल्या सुट्ट्या उत्तर, मध्य, दक्षिण अशा तीन विभागांत वाटलेल्या असतात. आपल्या मुलांना सुट्टी नसली म्हणजे उद्यान रिकामं असेलच असं नाही. तिन्ही विभाग बघा, वर बेल्जियमच्याही सुट्ट्या बघा. मूल चार वर्षांचं असेल तर सरळ शाळेच्या दिवशी, मंगळवारी वगैरे जा, कारण शाळा सक्तीची होते ती पाचव्या वर्षापासून. फक्त शिक्षिकेला आधी कळवा. त्यानंतर मात्र परवानगीशिवाय शाळा बुडवू नका, दंड होतो. बुधवारी बऱ्याच शाळा दुपारी सुटतात, तोही वार टाळा.

सगळं आजी-आजोबांना झेपेल असं समजणं

व्हिला व्होल्टा या राइडमध्ये नुसतं बाकावर बसायचं असतं, त्यामुळे ‘आई, हे तुमच्यासाठी’ म्हणून पाठवणारे बरेच. तिथे बाकं झुलतात आणि सगळं घर भोवती फिरल्यासारखं वाटतं. चक्कर येणाऱ्यांना, रक्तदाबवाल्यांना हे नको. त्यांच्यासाठी गोंडोलेटाच्या संथ नावा आहेत, फाता मॉर्गानाची नावेतली सफर आहे आणि उद्यानात फिरणारी वाफेची आगगाडी आहे. आगगाडीला दोन स्थानकं आहेत. मैलभर पायपीट करण्यापेक्षा ती पकडा.

बाकीच्या, थोडक्यात

उद्यानाला रेल्वे स्टेशन नाही. टिलबर्ग किंवा डेन बॉसला उतरून बस घ्यावी लागते. परतीच्या बसची वेळ सकाळीच बघून ठेवा.

तिकीट तारखेचं असतं आणि दिवसानुसार किंमत बदलते. ते आधी घ्या. पार्किंगचे पैसे वेगळे.

आई-बाबा दोघांनाही मोठी राइड करायची असेल आणि तान्हं बाळ असेल, तर दोनदा रांग लावू नका. राइडच्या दाराशी ‘बेबी स्विच’ विचारा. एक जण जाऊन आला की दुसरा जातो.

दान्स माकाब्र ही राइड काळोखाची आणि भुतांची आहे. लहानग्यांना ‘काही होत नाही’ म्हणून आत ढकलू नका.

डबा नेता येतो, मग न्याच. दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी, लोणचं. दुपारी एक वाजता खाण्याच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा साडेअकरालाच झाडाखाली जेवून घ्या, म्हणजे सगळे जेवायला जातात तेव्हा राइड मोकळ्या मिळतात. खायचंच असेल तर पोलेस कूकनमध्ये पॅनकेक चांगले मिळतात.

होल्ले बोल्ले खाइस नावाचे जाडे कचरा खाणारे पुतळे ‘पापीर हिर’ म्हणत कागद मागतात आणि त्यांच्या तोंडाशी धरलेला कागद आत खेचून घेतात. मुलं तिथून हलत नाहीत. घरून रद्दी कागदाचे तुकडे पिशवीत भरून न्या, नाहीतर पोरं दुकानातून चांगल्या पावत्या आणि नकाशे आणून कोंबतात. उरलेला खाऊ मात्र त्यांच्या तोंडात टाकू देऊ नका.

अक्वानुराच्या कारंज्यांचा खेळ संपला की अख्खं उद्यान एकदम गेटाकडे निघतं. आम्ही तेव्हा जागचे हलत नाही. मुलांना तिथेच कोरडे कपडे घालतो, थर्मासमधलं दूध देतो आणि गर्दी पांगल्यावर निघतो.

छत्री घरी ठेवा. रांगेत ती दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. प्रत्येकाला एक रेनकोट, आणि बाबागाडीवर टाकायला वेगळं प्लास्टिक.